गुलाबाची भुरी आणि काळा ठिपका

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले की हडपसर लागते. पूर्वी हे मळ्यांचे गाव होते. आता ते पुणे शहरात आले आहे. तरी या रस्त्याला पुढे उरुळीपर्यंत रोपवाटिका दिसतात. तेथून लोक गुलाबाची कलमे नेतात. काही दिवस झाड छान बहरते. मग पानांवर काहीतरी दिसू लागते. माणूस दुकानात जातो आणि म्हणतो, "गुलाबाचं औषध द्या."

पण औषध कोणत्या रोगावर? ते आधी झाडाकडे बघून ठरवावे. नाहीतर पैसे जातात आणि रोग तसाच राहतो.

भुरी थंडीत येते. दिवसा ऊन, रात्री गारठा, हे तिला फार मानवते. कोवळ्या पानांवर आणि कळीच्या देठावर पीठ शिंपडल्यासारखे दिसते. पान मुडपते. कळी नीट उमलत नाही. अशी कळी बाजारात कोण घेणार? भुरीवर गंधक चालते. पाण्यात मिसळणारे गंधक 10 लिटर पाण्यात 20 ग्रॅम घालून फवारा. कडक उन्हात मात्र फवारू नका. पाने करपतील.

काळा ठिपका पावसाळ्यात येतो. तो आधी खालच्या पानांवर दिसतो. ठिपक्याभोवती पान पिवळे पडते आणि गळते. झाड उघडे पडते. पान सहा-सात तास ओले राहिले, की ही बुरशी रुजते. म्हणून पाणी सकाळी द्या, आणि मुळाशी द्या. गळलेली पाने गोळा करून जाळा. खताच्या खड्ड्यात टाकू नका, कारण रोग त्यांतच दबा धरून बसतो.

तो फांद्यांवरही राहतो. म्हणून ऑक्टोबरात छाटणी झाली, की उघड्या फांद्यांवर बोर्डो मिश्रण मारावे. याची गोष्ट गमतीची आहे. फ्रान्समध्ये बोर्डो गावाजवळ द्राक्षांचे मळे आहेत. वाटसरूंनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून शेतकरी रस्त्याकडेच्या वेलांवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या वेलांना रोग कमी लागतो, हे मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाने पाहिले. 1885 साली त्याने ते जगाला सांगितले.

हे मिश्रण घरी होते. 5 लिटर पाण्यात 100 ग्रॅम मोरचूद विरघळवा. दुसऱ्या 5 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कळीचा चुना कालवून गाळा. भांडी मातीची किंवा प्लास्टिकची घ्या, लोखंडाची नकोत. दोन्ही पाणी एकदम तिसऱ्या भांड्यात ओता. त्यात घासलेला खिळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला आहे. थोडा आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

आणि एक सांगायचे राहिले. फवारलेल्या फुलांचा गुलकंद घालू नका. त्यासाठी एखादे गावठी गुलाबाचे झाड वेगळे ठेवा, औषधाविना.