कॅसेटपासून मोबाईलपर्यंत : आमच्या आवडीचे खेळ

आमच्या लहानपणी, १९९० नंतर, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम बारामतीत घरोघरी दिसू लागला. जपानच्या निन्टेन्डोने १९८३ साली काढलेल्या 'फॅमिकॉम'ची ती नक्कल. अस्सल यंत्र वस्तीत कोणाला परवडणार? कॅसेटवर लिहिलेले '९९९९ इन वन', प्रत्यक्षात तेच मोजके खेळ फिरून फिरून येत. चालली नाही की फुंकर मारायची! आम्हांस प्रिय 'कॉन्ट्रा'. त्यात जीव तीनच. पण वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे, बी, ए दाबले की तीस. ही युक्ती इंदापूरच्या मामेभावाने आणली.

रिमोट मात्र दोनच, आणि दोन्ही मुलांच्या हाती. थोरल्या ताईचा नंबर कधी लागतच नसे. तिने जत्रेतून सेलवरचा 'ब्रिक गेम' घेतला. मॉस्कोच्या अलेक्सी पाजितनोव्ह यांनी १९८४ मध्ये रचलेल्या 'टेट्रिस'चेच ते रूप. त्यात तिला आम्ही कधी हरवू शकलो नाही.

पुढे कॉम्प्युटर आला. विंडोजमध्ये १९९० साली पत्त्यांचा 'सॉलिटेअर' घातला, तो लोकांना माउसची सवय व्हावी म्हणूनही. एमएस-सीआयटीच्या वर्गात ताईचा हात त्यावरच बसला, आणि ते प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला उपयोगी पडले. खेळ म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय, हे वडीलधाऱ्यांचे म्हणणे आम्हांस म्हणूनच पटत नाही.

मोबाईलवरच्या 'पब्जी'वर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. २०२१ मध्ये तो नव्या नावाने परतला. आमचे मन त्यात रमले नाही. ताईची मुलगी मात्र मोबाईल सोडत नाही. हल्ली नंबर लागत नाही तो तिच्या भावाचा!