सायकल, गुडघे आणि आपले गैरसमज

‘पन्नाशी आली, आता सायकल सोडा, गुडघे जातील’ हा सल्ला आपल्याकडे घरोघरी दिला जातो. देणाऱ्याची काळजी खरी असते, सल्ला मात्र चुकीचा. त्यापायी होतं असं, की ज्यांना सायकलचा सगळ्यात जास्त उपयोग झाला असता, तीच माणसं ती भंगारात देऊन टाकतात.

सायकलवर अंगाचा बराचसा भार सीट उचलते. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यातच मोजणीची उपकरणं बसवून सांध्यावरचा भार मोजला. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो. बेताच्या जोराने पायडल मारताना तो सव्वापटीच्या आसपास राहतो. शिवाय गुडघ्याला सांभाळून धरणारे मांडीचे पुढचे स्नायू सायकलने बळकट होतात. २०२४ मध्ये अमेरिकेत सुमारे २,६०० जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आयुष्यात कधी ना कधी नियमित सायकल चालवलेल्यांमध्ये गुडघेदुखीची शक्यता १७ टक्क्यांनी कमी आढळली. सायकलनेच गुडघे वाचले, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण सायकलने गुडघे झिजतात, या समजुतीला त्यातून कुठलाच आधार मिळत नाही.

मग ‘सायकल सुरू केली आणि गुडघा धरला’ अशी तक्रार इतके जण का करतात? बहुतेक वेळा सीट खाली असते म्हणून. दुकानात सायकल देताना दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतील अशी सीट बसवून देतात आणि आपण ती वर्षानुवर्षं तशीच ठेवतो. मग पायडल वर आलं की गुडघा फार मुडपतो, वाटीवर दाब वाढतो आणि गुडघा पुढच्या बाजूने दुखतो. सीट फार वर असेल तर दुखणं गुडघ्याच्या मागे येतं आणि कंबर दोन्हीकडे डुलते. उंची घरच्या घरी तपासता येते. भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. चालवताना चवडा पायडलवर आला, की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. अशा सीटवरून थांबताना सीट सोडून पुढे उतरावं लागतं. चार दिवसांत त्याची सवय होते. गिअरची सायकल असेल तर जड गिअर रेटू नका. हलका ठेवा, पाय भरभर फिरू द्या.

पुरुषांच्या मनातली भीती वेगळी असते आणि ती डॉक्टरांपुढेही मोकळेपणी बोलली जात नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या सुमारे चार हजार पुरुषांच्या पाहणीत सायकलस्वारांचं लैंगिक आरोग्य पोहणाऱ्या आणि धावणाऱ्यांपेक्षा वाईट आढळलं नाही. जांघेत बधिरपणा येण्याची तक्रार मात्र त्यांच्यात जास्त होती. तो आला तर दुर्लक्ष करू नका: मधूनमधून सीटवरून उठा, सीट बदलून पाहा.

मुलींबद्दलच्या समजुती याहून त्रासदायक आहेत, कारण त्यांच्यापायी शाळा सुटू शकते. सायकलने गर्भाशयाला इजा होते, याला आधार नाही. योनिपटलाची ठेवण जन्मतःच प्रत्येकीची वेगळी असते आणि त्यावरून कौमार्य ठरत नाही. पाळीतही, त्रास होत नसेल तर, खुशाल सायकल चालवावी. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून गावोगावच्या शाळकरी मुलींना सायकली मिळतात. त्या सायकली निव्वळ अशा भीतीपोटी घरात पडून राहू नयेत.

शहरात ‘धुरात सायकल नको’ म्हणतात. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये याचा हिशेब मांडला. दिल्लीच्या हवेतही आठवड्याला पाच तासांपर्यंत सायकल चालवली तरी फायद्याचं पारडं जड राहतं, असं त्यातून निघालं. ज्यांना दमा आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावं आणि गर्दीचा रस्ता टाळावा.

सायकलच्या बाजूनेही एक गैरसमज आहे: सायकल केली की बाकी कुठल्या व्यायामाची गरज नाही. हाडं बळकट व्हायला त्यांच्यावर भार पडावा लागतो आणि सायकल तर तोच कमी करते. वर्षानुवर्षं फक्त सायकल चालवणाऱ्या स्पर्धकांमध्ये मणक्याच्या हाडांची घनता कमी आढळते. म्हणून सायकल चालवाच, पण आठवड्यातले दोन दिवस जिने चढा, बैठका मारा, थोडं वजन उचला. चाळिशीपुढच्या बायकांनी तर हे चुकवूच नये, कारण पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने ठिसूळ होतात.