कशेळ्याचा तूस क्ष-किरणांखाली

दिवाळी सरली की कर्जतजवळच्या कशेळ्याच्या परिसरात भाताच्या झोडणीला वेग येतो. गिरणीतून तांदूळ घरी येतो, तुसाचा ढीग मागेच राहतो. त्यातला कितीतरी वीटभट्टीवर जातो. विज्ञान शाखेच्या मुलामुलींनी ‘अ‍ॅडव्हान्स्ड मटेरिअल्स’च्या कार्यशाळेला जाताना त्यातला मूठभर बरोबर न्यावा, असे मला मनापासून वाटते. ग्राफीन आणि क्वांटम डॉटची चर्चा तिथे होईलच; पण आपल्या खळ्यातला पदार्थ यंत्राखाली पाहिला की हे शास्त्र परके वाटत नाही.

तुसात काय असते?

भाताची मुळे पाण्याबरोबर जमिनीत विरघळलेली सिलिका शोषतात आणि तिचा मोठा साठा दाण्याच्या कवचात होतो. भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस. तो जाळला की पुन्हा साधारण पाचवा हिस्सा राख उरते आणि त्या राखेत 85 ते 95 टक्के सिलिका असते. म्हणजे 100 किलो भातामागे साडेतीन किलोच्या आसपास. सिलिकेतला ऑक्सिजन काढला की सिलिकॉन मिळते. बॅटरीत ग्रॅफाइटऐवजी ते वापरण्यावर जगभर काम चालू आहे, कारण तेवढ्याच वजनात ते जवळजवळ दहापट विद्युतभार साठवू शकते. अडचण एवढीच, की चार्ज होताना ते फुगते आणि तडकते.

यंत्रापुढे

कार्यशाळेच्या पहिल्या दिवशी व्याख्याने असतात, ती ऐकावीत. खरे शिक्षण यंत्रापुढे सुरू होते. तुसाची राख अगेट या कठीण दगडाच्या खलात मैद्यासारखी वाटायची, नमुन्याच्या खाचेत भरायची आणि काचपट्टीने दाबून सपाट करायची. पातळी चुकली की आलेखातली शिखरे सरकतात. मग बंद कपाटात क्ष-किरणांचा झोत राखेवर पडतो. अणूंची मांडणी शिस्तीत असेल तर ठरावीक कोनांवरच टोकदार शिखरे उमटतात. यामागचे गणित मांडणाऱ्या लॉरेन्स ब्रॅग यांना 1915 मध्ये नोबेल मिळाले, तेव्हा ते 25 वर्षांचे होते.

सुमारे 600 ते 700 अंश सेल्सिअसला जपून जाळलेल्या तुसाच्या आलेखात 22 अंशांच्या कोनाजवळ रुंद, बसका उंचवटा दिसतो. ही अस्फटिकी सिलिका सिमेंटला आणि रबराला उपयोगी. उष्णता फार चढली तर त्याच जागी सुईसारखे शिखर उभे राहते. ते क्रिस्टोबलाइट या स्फटिकी सिलिकेचे, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक. गिरणी एकच, तूस एकच, पण राखा दोन. राखेत राबणाऱ्या माणसाच्या श्वासाशी या शिखराचा संबंध आहे, हे मुलांना तिथेच दाखवायला हवे.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तुसाची बाहेरची बाजू मक्याच्या कणसासारखी दाणेदार दिसते. तुसातून वीज वाहत नाही, म्हणून आधी त्यावर सोन्याचा अतिशय पातळ थर चढवतात.

जायचे कुठे?

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात 2004 मध्ये ‘नियस’ हा उपक्रम सुरू झाला. बी.एस्सी.च्या सुरुवातीच्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांसाठी भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची शिबिरे त्यात होतात. कशेळ्याहून कर्जत किंवा नेरळ, लोकलने कुर्ला, तिथून हार्बरने मानखुर्द. पवईच्या आयआयटीतील ‘सैफ’ या उपकरण केंद्रात बाहेरच्या महाविद्यालयांचे नमुनेही शुल्क घेऊन तपासले जातात.

प्रश्न घरचाच

कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राने ‘कर्जत-3’, ‘कर्जत-7’ अशी भाताची वाणे दिली. त्यांच्या तुसातली सिलिका सारखीच असते का? बी.एस्सी.च्या प्रकल्पाला एवढा प्रश्न पुरे. प्राध्यापकांना विनंती आहे: यंदाच्या झोडणीनंतर प्रत्येक वाणाचा तूस वेगळ्या पिशवीत भरून, त्यावर वाण, शेत आणि तारीख लिहून ठेवायला मुलांना सांगा.