शेवट गोड आहे ना?

पुस्तक हातात घेतल्यावर बायका पहिल्यांदा काय विचारतात, असं मला कुणी विचारलं तर उत्तर तयार आहे. लेखिका कोण, पुरस्कार कुठला मिळाला, यातलं काही नाही. "शेवट गोड आहे ना?" एवढंच. बोरिवली पश्चिमेच्या गोराईत म्हाडाच्या बैठ्या घरातल्या पुढच्या खोलीत मी अठरा वर्षं वाचनालय चालवलं. १९९२ साली सुरू केलं, २०१० साली बंद केलं. पन्नास रुपये डिपॉझिट, महिन्याला पंधरा रुपये वर्गणी, दिवाळी अंकांचे वेगळे. जागतिक बँकेच्या मदतीने आखलेल्या त्या वसाहतीत तेव्हा रस्ते नवे होते, झाडं हातभर होती आणि दुपारी एक ते चार या वेळात घरोघरी बायका एकट्या असत. माझी निम्मीअधिक पुस्तकं त्या तीन तासांतच वाचली जात.

आणि वाचली काय जात? खोटं कशाला बोलू, प्रेमकथा. त्यातही एका विशिष्ट जातीची मागणी कायम. जिला फसवलंय, टाकलंय, जिच्यावर काही भयंकर ओढवलंय अशी बाई पुन्हा उभी राहते आणि तिला पुन्हा कुणीतरी आवडतं. मला या पुस्तकांबद्दल बरीच वर्षं थोडी लाज वाटायची. गंभीर साहित्याचं कपाट मी दर्शनी ठेवलं होतं आणि ही पुस्तकं दाराआड. पुढे ती लाज कशी गेली, ते सांगते.

या कादंबऱ्यांचा घाट ठरलेला असतो. सुरुवातीला बाई मोडलेली. मग ती घर सोडते, दुसऱ्या गावाला जाते. काम मिळतं, बहुतेक वेळा शाळेत नाहीतर दवाखान्यात. पहिला पगार होतो. एक पुरुष येतो, तो घाई करत नाही. सगळं सुरळीत होतंय म्हणेपर्यंत जुनं माणूस दारात उभं राहतं, आणि आता तिला ठरवायचं असतं. मिल्स अँड बून ही लंडनची कंपनी १९०८ साली निघाली. तिच्या पुस्तकांतही कथेचा सांगाडा फार वेगळा नसतो. माझी स्वतःची एक कसोटी होती. नायिका पहिल्यांदा मनापासून हसते ती नायक येण्याआधी की नंतर? आधी हसली, तर पुस्तक चांगलं. नंतर हसली, तर त्याने तिला फक्त एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवलं. आणि ज्यांत अत्याचार करणाऱ्याशीच तिचं लग्न लावून देतात, ती पुस्तकं मी अगदी खालच्या फळीवर टाकली होती. कुणी मागितलीच तर वाकून काढायची.

जेनिस रॅडवे नावाच्या अमेरिकन अभ्यासिकेने १९८४ साली प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांवर एक पुस्तक लिहिलं. कथेत काय आहे याइतकंच, बाई पुस्तक उघडून बसते या गोष्टीकडे तिने पाहिलं. ते उघडलेलं पुस्तक घरातल्यांना सांगत असतं, आता ही वेळ माझी आहे, मला हाक मारू नका. वाचलं तेव्हा मला गोराईतल्या दुपारी आठवल्या. माझ्या एक वर्गणीदार पुस्तक पदराखाली घेऊन जायच्या. सासू विचारायची, काय वाचतेस? त्या सांगायच्या, पोथी.

आपल्याकडे तर 'कादंबरी' हा शब्दच एका नायिकेच्या नावावरून आला. सातव्या शतकात हर्षाच्या दरबारी असलेल्या बाणभट्टाची 'कादंबरी'. तिच्यात कादंबरीची मैत्रीण महाश्वेता आहे. तिचा प्रियकर पुंडरीक मरतो आणि ती तपस्विनी होऊन सरोवराकाठी त्याची वाट पाहत राहते. मैत्रीण दुःखात असताना मी लग्न करणार नाही, असं कादंबरी ठरवते. ग्रंथ पुरा होण्याआधीच बाण गेला, उरलेला भाग त्याच्या मुलाने लिहिला, आणि त्यात दोन्ही जोड्या पुन्हा एकत्र येतात. म्हणजे शेवट गोड करण्याची जबाबदारी तेव्हाही कुणाला तरी उचलावीच लागली होती.

मराठीत ही जबाबदारी फार अवघड होती. विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला. पुढच्याच वर्षी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली. तिच्यातली यमुना विधवा होते आणि पुन्हा लग्नही करते, पण त्यासाठी तिला धर्म बदलावा लागतो. पदमनजी स्वतः ख्रिस्ती झालेले, त्यांना तोच मार्ग दिसला. पुढे १८९० मध्ये हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः छापली. हिची नायिकाही यमुनाच, यमू. चांगला, तिला शिकवणारा नवरा मिळतो, मुंबईत थोडे मोकळे दिवस मिळतात. तो जातो, आणि घरातले लोक तिचं केशवपन करवतात. कायदा होऊन तीस-पस्तीस वर्षं झाली होती, पण आपट्यांना या यमूसाठी गोड शेवट लिहिता आला नाही. खोटा लिहिला नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

गंमत म्हणजे त्याच सुमारास खऱ्या आयुष्यात तो शेवट घडत होता. लहानपणीच विधवा झालेली गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला गेली आणि १८९३ साली तिने धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. त्या आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. 'माझे पुराण' हे त्यांचं आत्मचरित्र. त्यात बहिष्कार आहे, पैशांची ओढाताण आहे, नवरा संस्थेत गुंतल्याची कुरकुरही आहे. माझ्या वाचनालयात ते चार वेळा गेलं. चारही वेळा परत आणताना बायका म्हणाल्या, "यात प्रेम कुठेय हो?" मी म्हणायचे, नीट बघा.

आता गोराईच्या पलीकडच्या गोराईकडे येते. बाहेरच्यांना माहीत नसतं, पण गोराई दोन आहेत. आमची वसाहत बोरिवलीच्या बाजूला. मधे खाडी, काठाला तिवरं, आणि जेट्टीवरून बोटीत बसलं की पलीकडे जुनं गोराई गाव. तिथे ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची घरं, घरात मराठी बोली. त्या गावातून एक बाई दर शनिवारी बोटीने येऊन माझ्याकडून पुस्तकं न्यायच्या. वय असेल तिशीचं. चारकोपच्या एका कारखान्यात शिवणकाम करायच्या. नवरा मारायचा, म्हणून माहेरी आलेल्या. हे त्यांनी मला वर्षभराने सांगितलं. आधी फक्त विचारायच्या, "ताई, शेवट गोड आहे ना?"

एकदा मी त्यांना मुद्दाम विभावरी शिरूरकरांची 'हिंदोळ्यावर' दिली. १९३४ सालची कादंबरी. नवऱ्यापासून वेगळी झालेली शिकलेली अचला. विराग तिला भेटतो, प्रेम जुळतं, पण लग्न करता येत नाही. लग्नाशिवाय त्याच्याबरोबर राहायचं, त्याचं मूल जन्माला घालायचं, हे ती ठरवते. मोठं वादळ झालं. लेखिका कोण हेही लोकांना माहीत नव्हतं. ते टोपणनाव मालतीबाई बेडेकरांचं, हे मागाहून उघड झालं.

पुढच्या शनिवारी त्या पुस्तक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ही हिंदू ना? मग घटस्फोट का नाही घेत?"

मी उत्तर द्यायला गेले आणि अडखळले. मग शोधलं. १९३४ मध्ये मुंबई इलाख्यात हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदाच नव्हता. बडोदा संस्थानात सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात तो १९३१ साली आला होता. मुंबई प्रांतात १९४७ साली आला आणि सगळ्या देशासाठी १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात. म्हणजे अचलेचा प्रश्न केवळ धीराचा किंवा समाजाच्या भीतीचा नव्हता. तिला दार नव्हतंच. आपण टीका लिहिताना नायिकेचं मन तपासतो, तिच्या काळचं कायद्याचं पुस्तक तपासत नाही.

हे मी त्यांना सांगितलं तर त्या हसल्या. "म्हणजे माझ्यासारखीच," म्हणाल्या.

त्यांचं खरं होतं. ही १९९५-९६ ची गोष्ट. ख्रिश्चनांना तेव्हा १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा लागू होता. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवणं पुरेसं होतं. बायकोला मात्र व्यभिचार आणि त्याच्या जोडीला क्रूरता किंवा टाकून जाणं, असं दोन्ही सिद्ध करावं लागे. नुसती मारहाण पुरेशी नव्हती. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ती अट घटनाबाह्य ठरवली आणि २००१ साली संसदेने कायदाच बदलला. तेव्हापासून क्रूरतेच्या एकाच कारणावर त्यांनाही घटस्फोट मिळू लागला, परस्परसंमतीचीही सोय झाली. चर्चचं निराळं. तिथे पहिला विवाह रद्दबातल ठरल्याशिवाय दुसरा लागत नाही.

मला इथे माझंही सांगायला हवं. वाचनालय मी हौसेने काढलं नव्हतं. माझा संसार चार वर्षांत मोडला होता, आणि खोली भावाची होती. पण मी हिंदू विवाह कायद्याखालची. १९७६ च्या दुरुस्तीमुळे क्रूरतेच्या कारणावर मला घटस्फोट मिळाला होता. कोर्टाचा कागद ट्रंकेत होता. एकाच खाडीच्या दोन काठांवर आम्ही दोघी, मारही सारखाच खाल्लेला, आणि मी १९५५ नंतरच्या काळात राहत होते तर त्या अचलेच्या काळात. त्या दिवशी दाराआडची पुस्तकं मी पुढच्या कपाटात आणून लावली.

मधल्या काळातल्या कादंबऱ्यांबद्दल थोडक्यात सांगते. योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, शकुंतला गोगटे आणि ज्योत्स्ना देवधर यांनी ग्रंथालयं जगवली, असं म्हटलं तर चूक नाही. समीक्षकांनी यांना फारसं मोजलं नाही. 'माहेर', 'मेनका'चे अंक माझ्याकडे शिवण उसवेपर्यंत फिरत. यांतली बाई बहुधा सोसते, पण नोकरी करते, बँकेत स्वतःच्या नावाची सही करते, रात्रीच्या गाडीने एकटी येते. आत्मविश्वास म्हणजे काय हे या पुस्तकांनी असल्या बारीक गोष्टींतून दाखवलं. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर 'आभाळमाया' लागली. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई असताना घर आणि नोकरी सांभाळणारी प्राध्यापक सुधा जोशी. मालिका आल्या आणि माझ्या वाचक हळूहळू टीव्हीपुढे गेल्या. मी रागावले नाही. तीच गोष्ट होती, फक्त वर्गणी केबलवाल्याला जात होती.

गौरी देशपांड्यांचं मात्र वेगळं सांगायला हवं. 'एकेक पान गळावया' १९८० चं, 'तेरुओ आणि काही दूर पर्यंत' १९८५ चं. त्यांच्या नायिका सुटतात, प्रवासाला निघतात, प्रेम करतात आणि त्याबद्दल माफी मागत नाहीत. या गौरीबाई म्हणजे इरावती कर्व्यांची मुलगी, आणि बाया कर्व्यांची नात. आजीने पुनर्विवाह केला म्हणून गाव उलटलं होतं. नातीच्या नायिकेला लग्न हाच शेवट पुरेसा वाटेना. माझ्या वसाहतीत गौरीबाई थोड्याच जणींना झेपल्या, पण ज्यांना झेपल्या त्यांनी पुस्तकं परत आणायला फार उशीर केला.

सगळ्यात जास्त फिरलं ते सुधा मूर्तींच्या 'महाश्वेता'चं मराठी भाषांतर. अनुपमाच्या अंगावर कोडाचा डाग उठतो, डॉक्टर नवरा परदेशात, सासू तिला माहेरी पाठवते, तिथेही सावत्र आई. ती मुंबईला येते, पुढे कॉलेजात संस्कृत शिकवते, मुलांची नाटकं बसवते. नवरा पश्चात्ताप होऊन येतो, त्याला ती नाही म्हणते. आणि तिला खरोखर समजून घेणारा वसंत लग्नाचं विचारतो, त्यालाही नाही म्हणते. बाणभट्टाची महाश्वेता वाट पाहत बसली होती, हिने वाट पाहणंच संपवलं. मला तो शेवट फार आवडला. येईल त्या बाईला मी हेच पुस्तक पुढे करायचे.

खाडीपलीकडच्या माझ्या वाचक ते घेऊन गेल्या आणि रागावून परत आल्या. "वसंतला का नाही म्हणाली?"

मी म्हटलं, "तिला आता कुणाची गरज राहिली नाही. स्वतःच्या पायावर उभी आहे."

"गरज नसताना हो म्हणायला काय हरकत होती?" त्या म्हणाल्या. "गरज होती तेव्हा पहिल्याला हो म्हटलं, त्याचं काय झालं ते बघितलंच. आता गरज नाही, तर आताच नीट निवडता आलं असतं ना, ताई?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पूर्ण सुचलेलं नाही. अनुपमाच्या नकारात मला धैर्य दिसलं होतं. पण मी स्वतः तोवर दोन स्थळांना भेट न घेताच नकार कळवला होता, आणि त्यालाही मी धैर्यच म्हणत होते.

त्यांचा घटस्फोट कायदा बदलल्यानंतर झाला. चर्चकडच्या अर्जाला आणखी वेळ लागला. २००८ च्या सुमारास एका शनिवारी त्या दोघंजण आल्या. बरोबरचे गृहस्थ दाराबाहेरच थांबले, चप्पल काढावी की नाही अशा विचारात. त्यांनी डिपॉझिटची पावती काढून टेबलावर ठेवली. वसईला राहायला जातोय, म्हणाल्या. मी पन्नास रुपये मोजून दिले आणि म्हटलं, जाताना एक पुस्तक ठेवून घ्या माझ्याकडून, कुठलंही. त्यांनी कपाटासमोर उभं राहून बराच वेळ घेतला आणि 'हिंदोळ्यावर' उचललं. खाकी कव्हर फाटलेलं होतं. मी बदलून देते म्हटलं तर नको म्हणाल्या, शेवटची बोट चुकेल.