वाडीत उतरलेला समुद्रपक्षी : मास्क्ड बूबी

पावसाळ्यात दोन-तीन दिवस जोराचा वारा लागल्यानंतर अर्नाळा, राजोडी, भुईगाव अशा किनाऱ्यालगतच्या गावांत केळीच्या वाडीत किंवा भातखाचराच्या बांधावर मोठा, अनोळखी पक्षी बसलेला दिसू शकतो. माणूस जवळ गेला तरी तो उडत नाही. बहुधा तो भरकटून आलेला, थकलेला व उपाशी समुद्रपक्षी असतो. कोकण किनाऱ्यावर अशा रीतीने सापडणाऱ्या पक्ष्यांत मास्क्ड बूबी हा एक होय.

हा पक्षी बदकापेक्षा मोठा, रंगाने पांढरा असून पंखांची कड व शेपूट काळे असते. चोच पिवळसर, भाल्यासारखी टोकदार असते व तिच्या मुळाशी मुखवट्यासारखी काळी कातडी दिसते. पिल्लावस्थेत डोके व पाठ तपकिरी असते. पंखांचा विस्तार सुमारे दीड मीटर भरतो.

अरबी समुद्राच्या पश्चिमेकडील, ओमानजवळच्या बेटांवर हे पक्षी वीण करतात व एरवी खुल्या समुद्रावर मासे पकडतात. आपल्या भाताला पाऊस आणणारे नैर्ऋत्य मोसमी वारे आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून याच समुद्रावरून येतात. दुर्बळ किंवा अननुभवी पक्षी त्या वाऱ्यापुढे टिकत नाही व किनाऱ्यावर लोटला जातो. स्थलांतर करून येणारे पक्षी ठरलेल्या हंगामात येतात. याचे येणे मात्र अपघाती असते. लांब, अरुंद पंख आणि शरीराच्या मागील बाजूस असलेले पाय यांमुळे सपाट जमिनीवरून त्याला सहज उडता येत नाही.

असा पक्षी पुन्हा समुद्रात सोडणे दयेचे वाटते. परंतु थकलेला पक्षी लाटांत बुडतो. चोचीची भीती वाटून ती दोरीने बांधणे त्याहून घातक. बूबीच्या बाहेरील नाकपुड्या बंद असतात, तो तोंडाने श्वास घेतो. चोच बांधल्यास गुदमरतो. डोक्यावर जाड कापड टाकून, मान मागून धरून, आपले डोळे सांभाळून त्यास उचलावे व हवेशीर खोक्यात अंधारात ठेवावे. तोंडात पाणी ओतू नये, मासे कोंबू नयेत. वनपरिक्षेत्र कार्यालयास त्वरित कळवावे. तो घरी पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा ठरतो.

खोका कोंबड्यांच्या खुराड्यापासून दूर ठेवावा व हात साबणाने धुवावेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये वसई-विरार भागातील कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला होता, हे आपणास आठवत असेल. भरकटलेला प्रत्येक पक्षी रोगी नसतो, पण ते नुसते पाहून सांगता येत नाही. मेलेला पक्षी उघड्या हाताने न उचलता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

सापडल्याचा दिवस, जागा व वाऱ्याची स्थिती लिहून ठेवावी. पायात कडे असल्यास त्यावरील अंक व अक्षरे जशीच्या तशी उतरवून वनखात्यास द्यावीत.