पेडणे-डिचोलीतील राखणीच्या बंदुका

ठासणीची बंदूक भरायला वेळ लागतो. नळीत दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचे आणि शेवटी टोपी बसवायची. एक बार उडाला की दुसऱ्यासाठी सगळे पहिल्यापासून. असले हत्यार घेऊन कोणी दरोडा घालायला निघत नाही. गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या शेतकरी घरांत ते दसऱ्याला पुजले जाते आणि रानडुकरे भातात उतरली की रात्री बाहेर निघते.

कायद्यालाही ही गरज मान्य आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १३ पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असे सांगते. तिने भागत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. पण परवाना बंदूक बाळगण्याचा, जनावर मारण्याचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार पीक नासणारे रानडुक्कर मारायलाही वनखात्याची लेखी परवानगी लागते. गवा पहिल्या अनुसूचीत, त्यामुळे केवळ पीक तुडवले म्हणून त्याच्यावर गोळी झाडता येत नाही. शेतकऱ्याच्या हाती उरतो तो हवेतला बार.

हा बारही निवडणुकीत बंद होतो, कारण परवान्याच्या बंदुका जमा कराव्या लागतात. २०२२ साली विधानसभेसाठी ८ जानेवारीला आचारसंहिता लागली, १४ फेब्रुवारीला मतदान, १० मार्चला निकाल. नेमके हेच दिवस वायंगण, म्हणजे उन्हाळी भात वाढण्याचे. त्याच वर्षी १० ऑगस्टला पंचायतीचे मतदान झाले, तेव्हा सरदाचे, म्हणजे पावसाळी भात शेतात उभे होते. बंदूक पोलीस ठाण्यात ठेवायची, पावती खिशात घालायची आणि रात्री डबे बडवत बसायचे. खरे तर मुंबई उच्च न्यायालयात २००९ साली हा प्रश्न गेल्यानंतर निवडणूक आयोगाने छाननी समित्यांची पद्धत घालून दिली आहे. जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमीचे, दंगलीत सापडलेले अशांची एकेक नोंद तपासून ज्यांची शस्त्रे घेणे आवश्यक, त्यांचीच घ्यावीत असा तिचा रोख. सरसकट जमा करणे हा मला छाननीचा कंटाळा वाटतो.

परवान्याच्या शस्त्रांचा माग ठेवण्याची व्यवस्था तशीही आहे. परवानाधारकाला राष्ट्रीय नोंदीतला स्वतंत्र क्रमांक मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच बंदुका राहू शकतात. पण ही नोंद कायदा पाळणाऱ्याचीच. गावठी बनावटीच्या नळीवर ना कारखान्याचे नाव, ना क्रमांक. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत वर्षानुवर्षे दिसते ते हेच, की बंदुकीने झालेल्या खुनांत विनापरवाना हत्यारांचाच वाटा फार मोठा असतो.

शेतकऱ्यांची बाजू घेताना एक गोष्ट मात्र लपवता येत नाही. राखणीची बंदूक पारधीलाही जाते. दोडामार्ग-सावंतवाडीपासून गोव्यापर्यंतच्या या रानपट्ट्यात शिकारीच्या नादात झुडपातली हालचाल जनावराची समजून सोबत्यालाच छर्रे लागल्याच्या घटना घडल्या आहेत. शेजारच्या सत्तरीत १९९९ पासून म्हादई अभयारण्य आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना वनखात्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय मिळत नाही. ही अट योग्यच आहे, आणि ती काटेकोर पाळली गेली पाहिजे.

जिल्हाधिकाऱ्यांना माझे सांगणे एवढेच: येत्या निवडणुकीआधी छाननी समिती वेळेत बसवा, तलाठ्याकडून कोणाचे पीक उभे आहे ते विचारून घ्या, आणि ज्याच्यावर एकही गुन्हा नाही त्याची बंदूक भात कापून होईपर्यंत त्याच्याकडे राहू द्या.