दोन डिस्क एक कराव्यात का?



आमच्या गटाचा कॉम्प्युटर एका ताईंच्या घरी असतो. त्याच्या 500 जीबीच्या हार्ड डिस्कवर बचतीचा हिशेब, कर्जाच्या नोंदी, कोकम-आगळाच्या ऑर्डरी आणि बैठकांचे फोटो आहेत. जागा भरत आली, तेव्हा ताईंच्या मुलाने 1 टीबीची दुसरी डिस्क आणली आणि म्हणाला, "दोन्ही जोडून एकच मोठी करू?" ऐकायला बरं वाटलं. तरी आम्ही म्हटलं, आधी समजून घेऊ.

दोन डिस्क वापरायच्या तीन रीती आहेत.

पहिली, दोन्ही मिळून एकच मोठी डिस्क करायची. मग 1.5 टीबी जागा एकत्र दिसते. पण हे कसं, तर हिशेबाची एकच वही फाडून अर्धी पानं एका घरी, अर्धी दुसऱ्या घरी ठेवल्यासारखं. एक घर गळलं, की वहीचा हिशेब लागत नाही. समजा, एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता शंभरात पाच आहे. दोन्ही जोडल्या, तर कुठली तरी एक बिघडून सगळं अडकण्याची शक्यता शंभरात जवळजवळ दहा होते. जागा वाढली, तसा धोकाही वाढला. शिवाय अशी जोडणी करताना बहुतेक वेळा डिस्क आधी पूर्ण पुसावी लागते. म्हणून दुसरीकडे प्रत घेतल्याशिवाय कुणालाही हात लावू देऊ नका.

दुसरी रीत आरशासारखी. एका डिस्कवर लिहिलं, की तेच दुसरीवर आपोआप लिहिलं जातं. एक बंद पडली, तरी काम चालू राहतं. मात्र जागा लहान डिस्कएवढीच मिळते. आमच्या बाबतीत 500 जीबीच. आणि चुकून फाइल पुसली, तर ती आरशातूनही पुसली जाते. व्हायरस आला, तर दोन्हीवर येतो.

तिसरी रीत सगळ्यात साधी. दोन्ही डिस्क वेगळ्याच ठेवायच्या. एक बिघडली, तर तिच्यावरचंच जातं, दुसरीवरचं राहतं.

मग ठरवायचं कसं? आधी विचारा, जागा खरंच कशाने भरली? आम्ही पाहिलं, तर सगळ्या वर्षांचा हिशेब मिळून थोड्याशा एमबीतच होता. जागा खाल्ली होती व्हिडिओंनी. एक फोटो साधारण 4 एमबीचा धरला, तर 500 जीबीत सव्वा लाख फोटो मावतात. एकाच डिस्कवर न मावणारं एखादं प्रचंड काम असेल, तरच जोडणीचा विचार करावा. आपल्या गटांना सहसा ती गरज नसते.

राजापुरात आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवलीचं पाणी जवाहर चौकात शिरतं, वीज जाते-येते, आकाशात विजा कडाडतात. एकाच डब्यातल्या दोन डिस्क जोडलेल्या असोत वा आरशासारख्या, पाण्यात दोन्ही एकदमच जातात. म्हणून एक प्रत दुसऱ्या घरी हवीच.

शेवटी आम्ही असं ठरवलं. डिस्क जोडल्या नाहीत. व्हिडिओ आणि फोटो नव्या डिस्कवर हलवले. हिशेब जुन्या डिस्कवर राहिला, त्याची एक प्रत नव्या डिस्कवर आणि एक प्रत वेगळ्या, केबलने जोडायच्या डिस्कवर घेतली. ही तिसरी डिस्क उंचावरच्या वाडीतल्या ताईंकडे असते. दर शनिवारी बैठकीला येताना त्या ती आणतात, प्रत घेऊन होताच केबल काढून परत नेतात. महिन्यातून एकदा त्या प्रतीतली एक फाइल उघडून बघतो, कारण न उघडणारी प्रत म्हणजे नुसता डबा.

डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला, किंवा फाइल उघडायला फार वेळ लागू लागला, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी प्रत घ्या.

डिस्क बाजारात पुन्हा मिळते. बायांनी पै-पै जमवून लिहिलेला हिशेब मिळत नाही, आणि बँकेसमोर आपली पत त्याच हिशेबावर उभी असते. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा, आपल्या हिशेबाची दुसरी प्रत कुणाच्या घरी आहे?